पांढरे गोंडे, तांबूस गोंडे

प्रश्न: इक्वेडोरच्या धुकट जंगलातल्या रॅकेट-टेल हमिंगबर्डचे दोन फोटो पाहिले. पायांवरचे पिसांचे गोंडे एकात पांढरे, दुसऱ्यात तांबूस. हा नर-मादीचा फरक का?

उत्तर: नाही, फरक डोंगराच्या बाजूचा आहे. अँडीजच्या पश्चिम उतारावर गोंडे पांढरे, पूर्व उतारावर तांबूस. तांबूसच पुढे पेरू-बोलिव्हियापर्यंत. कोलंबिया-व्हेनेझुएलात मात्र पांढरेच. पूर्वी या साऱ्या एकाच जातीच्या उपजाती धरत, आता बरेच तज्ज्ञ वेगळ्या जाती मानतात. आम्हालाही तेच पटतं.

नर-मादीसाठी शेपटी बघा. नराच्या बाहेरच्या दोन पिसांची दांडी उघडी आणि टोकाला निळसर-काळी चकती असते. मादीला ती नसते. तिच्या पांढऱ्या छातीवर हिरवे ठिपके असतात. फसगत होते ती पिसं झडताना, नराच्या चकत्या गळाल्यावर. तेव्हा गळा तपासा: चकाकता हिरवा असेल तर नरच.