आरओच्या हप्त्याआधी सोसायटीची टाकी बघा

प्रश्न : आम्ही जळगावात आठ फ्लॅटच्या इमारतीत राहतो. मनपाचं पाणी दोन दिवसांआड येतं. किचनच्या नळाचं पाणी मचूळ लागतं, त्यात तूरडाळही नीट शिजत नाही, म्हणून रोज 30 रुपयांचा जार घेतो. आता 18,500 रुपयांचा आरओ 12 बिनव्याजी हप्त्यांत मिळतोय, वर 499 रुपये फाइल चार्ज. रोखीने तोच 17,200 ला. दुसऱ्या वर्षापासून सर्व्हिसचे वर्षाला 4,500. दुसऱ्या दुकानात कार्बन आणि यूव्हीचं (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचं) मशीन 8,500 ला आहे, त्याचा पुढचा वार्षिक खर्च 1,800. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरने मोजले तर थेट मनपाच्या नळाचं पाणी 260, बोअरचं 1,100 आणि किचनमधलं 780 आलं. पिण्याच्या पाण्याची वेगळी टाकी आणि लाइन टाकायला प्लंबरने 36,000 सांगितले, पण मीटिंगमध्ये विषय मागे पडला. बचत खात्यात 35,000 आहेत. पोस्टाची आरडी चौथ्या वर्षात आहे, ती मोडून आरओ घ्यावा का? घरी सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : ताई, आरडी मोडू नका आणि हप्त्याच्या कागदावर सहीही करू नका. तुम्ही मोजलेल्या तीन आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. नळाला 260 असलेलं पाणी किचनपर्यंत येताना 780 होतं, म्हणजे खालच्या टाकीत त्यात बोअरचं पाणी मिसळतंय. वाघूर धरणाचं चांगलं पाणी आधी खारट करायचं आणि मग आठही घरांनी आपापला आरओ घ्यायचा, हा खर्च मला अजिबात पटत नाही. डाळ न शिजणं हेही त्याच जड पाण्याचं लक्षण, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस 500 पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. तुमच्या नळाचं पाणी मुळात या मर्यादेच्या बरंच आत आहे.

आता पाच वर्षांचा हिशेब मांडू. जार असाच चालू ठेवला तर 54,000. आरओ हप्त्याने घेतला तर 18,999 आणि चार वर्षांची सर्व्हिस 18,000, म्हणजे जवळपास 37,000. मनपाचं पाणी बोअरमध्ये न मिसळता आणणाऱ्या वेगळ्या लाइनचा तुमचा वाटा 4,500, त्यावर कार्बन-यूव्ही मशीन 8,500 आणि चार वर्षांचे 7,200, मिळून 20,200. आरओ जारपेक्षा स्वस्त पडतो हे खरं, म्हणूनच विक्रेत्याचं बोलणं पटतं. पण मशीनची किंमत एकदाच द्यायची असते, सर्व्हिस दरवर्षी. शिवाय जड पाण्यात मेंब्रेनवर, म्हणजे आरओतल्या पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार लवकर बसतात, त्यामुळे 4,500 मध्ये मेंब्रेन धरलाय की नाही ते लेखी घ्या. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर सोडून देतो. दिवसाला 15 लिटर काढले तर 45 लिटर मोरीत जातील, आणि तेही दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात. ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येतं, पण रोज कोण धरणार, याचा विचार आधी करा.

हप्ता बिनव्याजी नाही. रोखीची किंमत 17,200 आणि तुम्ही देणार 18,999. हे 1,799 रुपये व्याजच आहे, आणि वर्षाच्या दराने काढलं तर सुमारे 19 टक्के बसतं. पोस्टाची आरडी तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. तीन वर्षांहून जास्त काळ नेमाने भरलेल्या पैशांचं व्याज एका मशीनसाठी सोडू नका.

विक्रेता घरी येऊन दोन ग्लासांत विजेला जोडलेल्या धातूच्या कांड्या सोडून दाखवेल. नळाच्या पाण्याचा ग्लास दोन मिनिटांत तपकिरी होतो, आरओचा स्वच्छ राहतो, आणि बघणारा घाबरतो. ग्लासातला तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड सुटतं. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असल्याने तसं होत नाही. पाणी पिण्यालायक आहे का, हे त्यातून कळत नाही.

क्लोरीनचा वास आणि त्यामुळे बिघडलेली चव कार्बनने जाते. जंतू यूव्हीने मरतात, मात्र पाणी गढूळ असेल तर यूव्हीचा उपयोग कमी होतो, म्हणून आधी चांगला गाळणी फिल्टर हवाच. मुलगी लहान आहे, त्यामुळे नुसत्या कँडलच्या फिल्टरवर मी थांबलो नसतो.

पैसे बचत खात्यातून काढा. लाइन आणि मशीन मिळून 13,000 लागतील, 22,000 शिल्लक राहतील. जारचे महिन्याला वाचणारे 900 त्याच खात्यात परत टाका, सव्वा वर्षात भरून निघेल.

सोसायटीच्या मीटिंगला टीडीएस मीटर आणि तीन ग्लास पाणी घेऊन जा. एका आरओच्या रोख किमतीत जवळपास चार घरांच्या वाट्याची लाइन होते, हे सगळ्यांसमोर मांडा. तरीही नाहीच म्हणाले, तर 780 च्या पाण्याची चव कार्बन-यूव्हीने सुधारणार नाही, कारण क्षार तसेच राहतात. मग आरओच घ्या, पण रोखीने, आणि दोन-तीन दुकानांत सर्व्हिसचा दर विचारून.

त्याआधी बोअरच्या पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळेतून करून घ्या, फी नाममात्र असते. मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. नायट्रेट किती, फ्लोराइड किती, जंतू आहेत का, यातलं काही वेगळं सांगत नाही. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातून मला हाच प्रश्न विचारणाऱ्यांनी तर ही तपासणी चुकवूच नये. शेतातल्या खताचं नायट्रेट बोअरमध्ये उतरतं. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळाला ते जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं. पाणी उकळून ते कमी होत नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. यूव्हीने किंवा साध्या कार्बननेही ते जात नाही. तिथे, नळाचं पाणीच नसेल तर, आरओचा खर्च मी बिनदिक्कत करायला सांगतो.

तुमच्या बोअरचा अहवाल आला की मीटिंगमध्ये तोही सगळ्यांना वाचून दाखवा.