चालत निघालेल्या माणसाला पैसे द्यावेत का?

प्रश्न: नमस्कार दादा, संगमेश्वरच्या पुढे हायवेला आमचं छोटं हॉटेल आहे, वडापाव मिसळ चहा एवढंच. मागे एकदा संध्याकाळी भर पावसात एक पंचविशीतला मुलगा आला, पाठीवर मोठी सॅक आणि तिच्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बोर्ड, कन्याकुमारी ते काश्मीर पायी, कॅन्सर झालेल्या मुलांसाठी. केरळचा होता, हिंदी तोडकीमोडकी. बूट काढले तर बोटं पांढरीफटक पडलेली आणि टाचेला हा मोठा फोड. सासूबाईंनी काही न विचारता खोबरेल कोमट करून दिलं, रात्री पडवीत झोपला. सकाळी मिसळीचे पैसे द्यायला लागला, आम्ही घेतले नाहीत, मग त्याने क्यूआर कोडचं कार्ड दिलं, म्हणाला जमलं तर पाठवा, जबरदस्ती नाही. आमचे हे म्हणतात सगळा फ्रॉड असतो, आणि चालून काय कॅन्सर बरा होतो का, त्यापेक्षा नोकरी कर आणि पगारातून दान दे. मला ते पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. पैसे पाठवू का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: ताई, आधी पैशाचं सांगतो, ते सोपं आहे. कोड स्कॅन केला की पैसे जायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं, ते बघा. त्याचं स्वतःचं नाव आलं तर लगेच लबाड ठरवू नका, तो वाटखर्चाचा कोड असू शकतो, पण मग मुलांच्या उपचाराचे पैसे त्यावर टाकू नका. संस्था कुठली ते विचारा, तिचा नंबर कार्डावरून न घेता स्वतः शोधा आणि फोन करून विचारा की असा मुलगा तुमच्यासाठी चालतोय का. महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर असतो, तो बेधडक मागा, चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही. मग थेट संस्थेच्या खात्यात पाठवा आणि पावती घ्या.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅनडात टेरी फॉक्स म्हणून एक मुलगा होता, 1977 मध्ये हाडाच्या कॅन्सरने त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. 12 एप्रिल 1980 ला तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला धावत निघाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन, सोबत एक मित्र व्हॅन घेऊन. सुरुवातीला फारसं कोणी विचारत नव्हतं. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या, साधारण दहा हजार वस्तीच्या गावाने त्याला दहा हजारावर डॉलर जमवून दिले, आणि प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर हे टार्गेट त्याने धरलं. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसात पोचला म्हणून थांबावं लागलं, पुढच्या वर्षी तो गेला, पण त्याआधी फेब्रुवारी 1981 पर्यंत 2 कोटी 41 लाख डॉलर जमले होते, म्हणजे देशातल्या माणसामागे एक डॉलर झाला. तो नोकरी करून पगारातून किती देऊ शकला असता, तुम्हीच हिशोब करा.

आणि आपले विनोबा, तुमच्याच हायवेला पेणजवळच्या गागोद्याचे. 1951 साली तेलंगणात गावोगाव पायी फिरत होते, 18 एप्रिलला पोचमपल्लीत दलित वस्तीतल्या लोकांनी सांगितलं की आम्हाला 80 एकर जमीन मिळाली तर जगू, आणि तिथेच गावातले रामचंद्र रेड्डी उठून 100 एकर देतो म्हणाले. भूदानाचं पुढे काय झालं त्यावर वाद घालता येईल, पण विनोबा गाडीने गेले असते तर त्या वस्तीत बसून बोलणं झालं असतं का, मला नाही वाटत. पायी येणाऱ्याला गावात थांबावं लागतं, पाणी मागावं लागतं, आणि पाणी देणारा विचारतोच की बाबा कुठून आलास आणि कशासाठी. तुमच्या हॉटेलात तेच झालं की, त्या संध्याकाळी चहाला थांबलेल्या किती जणांनी तो बोर्ड वाचला असेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अशा माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती कोरड्या जागेची, सुक्या मोज्यांची, मोबाईल चार्ज करायला पॉइंटची आणि पुढचा रस्ता कसा आहे ते सांगणाऱ्याची. पुन्हा कोणी आला तर एवढं नक्की सांगा की रात्री हायवेवर चालू नको, दिवसाही समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाल, पावसात घाटात ट्रकवाल्याला माणूस दिसत नाही. हे छापून येईपर्यंत तुमचा पाहुणा बहुतेक गुजरातेत असेल. सुरतेला बडोद्याला आपली कोकणातली बरीच माणसं आहेत, तुमचं कोणी असेल तर त्यांना फोन लावा, एका रात्रीची सोय होते का विचारा. आणि कार्डावर त्याचा नंबर असेल तर टाच बरी झाली का तेही विचारा.