डासांच्या पेशींतील जिवाणू डेंग्यू रोखू शकतो का?

इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू अंगी असलेले डास सोडून डेंग्यूचे प्रमाण घटवण्यात आले, अशी एक छोटी टीप मागील अंकात आम्ही छापली होती. त्या टिपेवर अनेक वाचकांनी पत्रे पाठवली असून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असल्यास त्यांपैकी एकच पत्र घेतले आहे.

प्रश्न : डेंग्यू पसरवतो तो डास, आणि त्याच्यावर उपाय म्हणून आणखी डास सोडायचे, हे गणित माझ्या विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावे? – एक शिक्षिका, अकोला

आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम हे सांगावे की येथे डासांची संख्या कमी करणे हा हेतूच नाही. घराघरांत वावरणाऱ्या एडिस इजिप्ती डासांच्या जागी त्याच जातीचे, परंतु पेशींमध्ये वोल्बाकिया बाळगणारे डास यावेत, एवढाच हेतू आहे. हा जिवाणू १९२४ साली हर्टिग आणि वोल्बाक या अमेरिकी संशोधकांना क्युलेक्स डासाच्या शरीरात आढळला. आज असे मानले जाते की कीटकांच्या जवळपास निम्म्या जातींमध्ये तो निसर्गतःच राहतो. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांत तो असतो, गटारात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांत असतो, पण डेंग्यूचा मुख्य वाहक असलेल्या एडिस इजिप्तीत मात्र तो निसर्गतः नसतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी चिलटांतला जिवाणू अतिशय बारीक सुईने या डासाच्या अंड्यांत सोडला. बहुतेक अंडी या प्रक्रियेत मरत असल्याने जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या टिकवणारा वंश हाती यायला काही वर्षे जावी लागली.

या जिवाणूचे दोन गुण आपल्या उपयोगी पडतात. पहिला गुण असा की तो डासाच्या पेशीत असताना डेंग्यूच्या विषाणूची वाढ खुंटते, त्यामुळे रुग्णाचे रक्त प्यायलेला डास पुढच्या माणसाला चावला तरी त्याच्या लाळेतून विषाणू जाण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. दुसरा गुण असा की तो आईकडून अंड्यांत उतरतो आणि आपला वंश वाढावा अशी व्यवस्था स्वतःच करतो. जिवाणू असलेल्या नराचा संयोग जिवाणू नसलेल्या मादीशी झाला, तर तिची अंडी उबत नाहीत. मादीत जिवाणू असेल, तर नर कोणताही असला तरी अंडी उबतात आणि सर्व पिल्लांत जिवाणू उतरतो. परिणामी जिवाणू असलेल्या माद्यांची संतती दर पिढीत तुलनेने वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर नवे डास सोडण्याची गरज राहत नाही.

प्रश्न : अंडी उबत नाहीत यामागची रेणूपातळीवरील प्रक्रिया समजली आहे का? – जीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी, पुणे

बऱ्याच अंशी समजली आहे, आणि ही या संशोधनातील सर्वांत सुंदर कहाणी आहे असे मला वाटते. अंडी न उबण्याचा वोल्बाकियाशी संबंध असल्याचे १९७१ मध्ये येन आणि बार यांनी दाखवले होते, पण त्यामागची जनुके सापडायला २०१७ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट आणि येल या दोन विद्यापीठांतील गटांनी वेगवेगळ्या वाटांनी एकाच जनुक-जोडीकडे बोट दाखवले. ही जोडी वोल्बाकियाच्या गुणसूत्रात असली तरी मूळची त्याची नाही. जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूचा जो अंश वोल्बाकियाच्या गुणसूत्रात कायमचा सामावलेला आहे, त्यात ती आढळते. म्हणजे डासाच्या पेशीत जिवाणू, जिवाणूच्या गुणसूत्रात विषाणूचा अंश, आणि त्या अंशावर डासाच्या अंड्यांचे भवितव्य अवलंबून.

या जोडीतील जनुकांच्या प्रभावामुळे नराच्या शुक्राणूत असा बदल घडतो की फलनानंतरच्या पहिल्याच विभाजनात पित्याकडून आलेली गुणसूत्रे नीट वेगळी होत नाहीत आणि भ्रूण मरतो. मादीत वोल्बाकिया असेल, तर जोडीतील एका प्रथिनामुळे हा दोष दूर होतो. येलच्या गटाने असेही दाखवले की जोडीतील दुसरे प्रथिन हे एक विकर असून, पेशीत इतर प्रथिनांना चिकटवलेली युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण ते काढून टाकते. विषाणूची वाढ नेमकी का खुंटते, याचे उत्तर मात्र इतके स्वच्छ नाही. वोल्बाकिया पेशीतील कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ वापरून टाकतो व विषाणूला ते पुरेसे मिळत नाहीत, असे एक स्पष्टीकरण आहे. डासाची स्वतःची प्रतिकारव्यवस्था जागी होते, असे दुसरे. ही दोन्ही कारणे एकाच वेळी लागू पडत असावीत असे मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे.

प्रश्न : योग्याकार्ताच्या प्रयोगावर किती विश्वास ठेवावा? साथ कधी कधी आपोआपही ओसरते. – एक वैद्यकीय अधिकारी, सातारा

आपली शंका रास्त आहे आणि प्रयोगाची रचना नेमकी हीच शंका लक्षात घेऊन केली होती. योग्याकार्तातील गाजा माडा विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठ यांच्या संशोधकांनी शहराचे २४ विभाग पाडले आणि त्यांपैकी १२ विभाग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून तेथेच डास सोडले. सोडण्याची पद्धत साधी होती. ज्या घरांनी संमती दिली त्यांच्या परसात पाणी, थोडे खाद्य आणि अंड्यांची पट्टी असलेली झाकणाची बादली ठेवली जाई, अंड्यांतून वाढलेले डास बादलीच्या छिद्रांतून बाहेर पडत आणि दर दोन आठवड्यांनी बादलीत नवी अंडी घातली जात. पुढे ताप घेऊन दवाखान्यात आलेल्या ३ ते ४५ वर्षे वयाच्या रुग्णांची तपासणी करून कोणाला डेंग्यू आहे आणि कोणाला दुसरा ताप आहे हे ठरवले आणि ते कोणत्या विभागात राहतात ते पाहिले. साथ आपोआप ओसरली असती, तर ती दोन्ही गटांत सारखीच ओसरली असती.

डास सोडलेल्या विभागांतील २,९०५ जणांपैकी ६७ जणांना, म्हणजे २.३ टक्के लोकांना डेंग्यू झाल्याचे निष्पन्न झाले. इतर विभागांत ३,४०१ पैकी ३१८ जणांना, म्हणजे ९.४ टक्के लोकांना. संशोधकांनी काढलेले संरक्षणाचे प्रमाण ७७.१ टक्के होते आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या बाबतीत ते ८६.२ टक्के होते. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. लोक दिवसभर एका विभागातून दुसऱ्यात ये-जा करतात आणि डासही सीमा पाळत नाहीत, त्यामुळे दोन गटांतील फरक प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसण्याचा संभव असतो. तरीही एवढा फरक दिसला, म्हणून हा पुरावा मी भक्कम मानतो.

प्रश्न : आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. असा नाजूक जिवाणू येथे तग धरेल काय? – एक निवृत्त कृषी सहायक, चंद्रपूर

आलेल्या पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हाच आहे. प्रयोगशाळेतील यश आणि एखाद्या गावातील यश यांच्यामध्ये जे काही उभे असते, ते बहुतेक सारे या प्रश्नात आले आहे.

योग्याकार्तात वापरलेला वोल्बाकियाचा प्रकार चिलटांतून घेतलेला आहे. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की दिवसाकाठी तापमान २६ ते ३७ अंशांच्या दरम्यान वरखाली होत राहिले, तर डासाच्या अळ्यांमधील या प्रकाराचे प्रमाण झपाट्याने घसरते आणि पुढच्या पिढीत तो पुरेसा उतरत नाही. एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासातून घेतलेला प्रकार मात्र त्याच तापमानात बराच टिकून राहिला. क्वालालंपूरच्या उष्ण हवेत हाच दुसरा प्रकार वापरण्यात आला आणि तेथे डेंग्यूच्या रुग्णांत सुमारे ४० टक्के घट दिसली. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातील केर्न्समध्ये तापमान ४२ अंशांपलीकडे गेले, तेव्हा तेथील डासांतील वोल्बाकियाचे प्रमाण घसरले, पण काही काळाने ते पुन्हा पूर्ववत झाले. उष्णतेची एखादी लाट आणि विदर्भातील सलग दोन-अडीच महिन्यांचा उन्हाळा यांत अर्थातच फरक आहे. शिवाय हवेचे तापमान आणि अळी ज्या पाण्यात वाढते त्याचे तापमान एक नसते. न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या रांजणातले पाणी आणि पत्र्यावर तापणाऱ्या टाकीतले पाणी यांची मोजणी वेगवेगळी करावी लागेल.

तापमानाखेरीज आणखी दोन गोष्टींनी असे प्रयोग फसले आहेत. रिओ दि जानेरोजवळील एका वस्तीत सोडलेले डास आरंभी तग धरू शकले नाहीत, कारण लोक घरात फवारत असलेल्या पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांना स्थानिक डास सरावलेले होते आणि प्रयोगशाळेत वाढलेले डास मात्र सरावलेले नव्हते. स्थानिक डासांशी संकर करून तोच गुण त्यांच्यात आणल्यानंतर जिवाणू रुजला. व्हिएतनाममधील त्री न्गुयेन बेटावर डासाचे आयुष्य घटवणारा वोल्बाकियाचा एक जोरकस प्रकार वापरला होता. डेंग्यू अडवण्यात तो सरस ठरेल अशी अपेक्षा होती, परंतु तो डासालाच इतका जड गेला की डास सोडणे थांबताच त्याचे प्रमाण खाली आले. विषाणूला सर्वाधिक अडवणारा जिवाणू निवडून भागत नाही; आश्रय देणाऱ्या डासाला तो त्या त्या हवामानात परवडला पाहिजे. म्हणून चंद्रपूरसाठीचे उत्तर योग्याकार्ताच्या आकडेवारीतून काढता येणार नाही. चंद्रपूरचे डास, चंद्रपूरचे पाणी आणि चंद्रपूरचा उन्हाळा घेऊन कोणीतरी ते मोजले पाहिजे, आणि आपल्या विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांनी हाती घेण्यासारखे याहून निकडीचे काम मला तरी चटकन आठवत नाही.

प्रश्न : असा डास मुलांना चावला तर तो जिवाणू त्यांच्या अंगात जाईल का? आणि हे जनुक बदललेले डास आहेत का? – एक गृहिणी, ठाणे

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. हा जिवाणू फक्त कीटकांसारख्या संधिपाद प्राण्यांच्या आणि काही कृमींच्या पेशींतच जगतो. रात्री कानाशी गुणगुणणाऱ्या क्युलेक्स डासात तो मुळातच असतो आणि तो डास आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या चावत आला आहे. जनुकांचे म्हणाल, तर या पद्धतीत डासाचे एकही जनुक बदललेले नसते. कृमींच्या उल्लेखावरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विदर्भात आजही आढळणाऱ्या हत्तीरोगाच्या कृमींना जगण्यासाठी वोल्बाकियाची गरज असते, आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक या जिवाणूला मारून कृमीला दुर्बल करते.

प्रश्न : भारतात असे प्रयोग झाले आहेत का? लोक ते मान्य करतील का? – एक वाचक, नाशिक

पुदुच्चेरी येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने मोनाश विद्यापीठाच्या सहकार्याने चिलटांतून व एडिस अल्बोपिक्टसमधून घेतलेले वोल्बाकियाचे दोन्ही प्रकार भारतीय एडिस डासांत आणल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. मात्र प्रयोगशाळेतील डास वस्तीत सोडण्यासाठी शासनाच्या परवानग्या लागतात.

लोकांच्या मान्यतेबाबत आपल्याच देशातील एक जुना अनुभव विसरता येत नाही. डासांमधील अंडी न उबण्याच्या गुणाचा उपयोग करून जर्मन शास्त्रज्ञ लावेन यांनी १९६७ साली ब्रह्मदेशातील ओक्पो या गावातून क्युलेक्स डास जवळपास नाहीसे करून दाखवले होते. त्यानंतर दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी डासांच्या आनुवंशिक नियंत्रणासाठी एक केंद्र चालवले. हे काम परकीयांच्या जैविक युद्धाच्या तयारीचा भाग आहे, असे आरोप वृत्तपत्रांतून झाले, प्रकरण संसदेपर्यंत गेले आणि १९७५ साली केंद्र बंद पडले. आरोपांचे खरेखोटे काहीही असो, काय चालले आहे हे लोकांना आधी आणि पूर्णपणे सांगितले गेले नाही, तर चांगले कामही संशयाच्या भोवऱ्यात सापडते. योग्याकार्तात घरोघरी जाऊन, वस्तीच्या बैठका घेऊन संमती मिळवण्यात गेलेला वेळ हा माझ्या मते प्रयोगाचाच भाग होता. आपल्याकडेही आशाताई, ग्रामसभा आणि वॉर्डातील मंडळे यांच्याशी बोलल्याशिवाय एकही बादली कोणाच्या अंगणात ठेवली जाऊ नये.

प्रश्न : आमच्या गावात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते, त्यामुळे साठवण करावीच लागते. ही नवी पद्धत येईपर्यंत आम्ही काय करावे? – बचत गटाच्या एक कार्यकर्त्या, वाशीम जिल्हा

पाणी साठवू नका असा सल्ला आपल्याला देणे अन्यायाचे होईल. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याची पद्धत आपल्या गावात असेलच. ती पाळताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. एडिसची मादी पाण्यावर अंडी घालत नाही, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, पिंपाच्या किंवा रांजणाच्या ओलसर आतल्या बाजूला काळ्या, तिळाहूनही बारीक ठिपक्यांसारखी अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढून त्यांना भिडताच त्यांतून अळ्या बाहेर येतात. भांडे नुसते रिकामे करून पुन्हा भरले, तर अंडी जागच्या जागीच राहतात. म्हणून आतली बाजू, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेली असते तो पट्टा, काथ्याने किंवा ताठ ब्रशाने घासून काढावा आणि ते पाणी दुसऱ्या भांड्यात न ओतता कोरड्या जमिनीवर टाकावे. जो हौद रिकामा करणे शक्य नाही त्यावर घट्ट झाकण किंवा दुहेरी कापड बांधावे आणि त्यात गप्पी मासे सोडावेत. उन्हाळा संपल्यावर कूलर माळ्यावर टाकण्यापूर्वी त्याची टाकी आणि गवताच्या जाळ्या यांचीही अशीच सफाई करावी, कारण तेथे चिकटलेली अंडी पुढच्या मोसमात पाणी भरताच उबतात.