मोहल्ल्यातील सुल्ह की न्यायालयातील मध्यस्थी?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात रविवार पेठेतील दुकानावरून आम्हा दोघा भावांत आणि बहिणीत वाद आहे, आई आधीच वारली. मोहल्ल्यातील वडीलधारी मंडळी मौलानांसमोर सुल्ह (आपसांतील समेट) करा म्हणतात, तर वकील शिवाजीनगर न्यायालयातील मध्यस्थी सुचवतात. दोहोंत फरक काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तडजोड दोन्हीकडे संमतीनेच होते, वाटा फुटतात त्या मध्यस्थाच्या भूमिकेपाशी. न्यायालयीन मध्यस्थाने तटस्थ राहावे, निर्णय लादू नये आणि तेथील बोलणे बाहेर जाऊ देऊ नये, अशी शिस्त आहे. सुल्ह घडवणारा मात्र बहुधा ओळखीचा असतो आणि त्याने प्रसंगी कानउघाडणीही करावी, असे लोक धरून चालतात. पतिपत्नीच्या वादात दोन्ही कुटुंबांतून एकेक पंच नेमावा, असे कुराणाच्या चौथ्या सूरेतील पस्तिसावी आयत सांगते. त्या पंचांना जोडप्याला विभक्त करण्याचा अधिकार आहे की नाही, यावर मात्र इस्लामी धर्मशास्त्राच्या मालिकी आणि हनफी परंपरांत जुना मतभेद आहे. शिवाय जे धर्माने निषिद्ध आहे, ते सुल्हने वैध होत नाही.

तुमच्या प्रकरणात ही मर्यादा महत्त्वाची आहे. दुकान वडिलांच्या मालकीचे होते आणि अन्य वारस नाही, असे धरल्यास (पागडीचे असेल तर गणितच निराळे) मुलाला मुलीच्या दुप्पट या इस्लामी वारसा नियमाने बहिणीचा वाटा एक पंचमांश आणि तुम्हा भावांचा प्रत्येकी दोन पंचमांश होतो. मोबदला घेऊन तिने स्वखुशीने बाजूला होण्याला ‘तखारुज’ म्हणतात आणि हनफी शास्त्राला ते मान्य आहे. परंतु चार पुरुषांच्या बैठकीत, माहेर तुटेल या धास्तीने तिने मान डोलावली, तर त्याला संमती म्हणणे मला जमणार नाही. मध्यस्थीत प्रत्येक पक्षाशी एकांतात बोलण्याची सोय असते. मौलानांनीही ती ठेवावी, असा आग्रह तुम्ही भावांनीच धरावा.

दारुल कझाचे, म्हणजे शरियतनुसार वाद ऐकणाऱ्या मंडळाचे, निर्णय कायद्याने बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. याउलट लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे मौलानांसमोर जमले तर अवश्य जमवावे, मात्र ठरलेल्या अटी लेखी स्वरूपात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीपुढे न्याव्यात. बहिणीने हक्कसोडपत्र दिल्यास ते नोंदणीकृतच हवे, आणि मोबदल्याची रक्कम त्यात आकड्यांत व अक्षरांत लिहिलेली असावी.