आकडेमोड बरोबर, मग मार्क का गेले?

प्रश्न: माझी मुलगी इंदूरमध्येच बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. बारावीत ९४ मार्क होते. आता ‘सिद्ध करा’ असा प्रश्न आला की रडकुंडीला येते. रिअल ॲनालिसिसमध्ये जेमतेम पास झाली. गणित सोडून बीसीएला जाते म्हणते, तिच्या बाबांनाही ते पटलंय. तिच्या वहीचं एक पान सोबत पाठवते आहे.
— एक आई, रामबाग

ताई,

प्रश्न होता: पूर्ण संख्येचा वर्ग सम असेल तर ती संख्याही सम असते, हे सिद्ध करा. मुलीनं लिहिलंय: म सम आहे, म्हणून म = २क, म्हणून म² = ४क², म्हणजे सम. आकडेमोड कुठेही चुकलेली नाही. पण जे सिद्ध करायचं तेच तिनं पहिल्या ओळीत धरून टाकलं. रामबागेतून राजवाड्याला जायचं होतं, ती राजवाड्याहून रामबागेत आली.

तिला म्हणावं, म विषम धरून बघ. म = २क + १. वर्ग येतो ४क² + ४क + १, म्हणजेच २(२क² + २क) + १, विषम. विषम संख्येचा वर्ग विषमच येतो. मग वर्ग सम असेल तर मूळची संख्या विषम असेलच कशी? झाली सिद्धता. दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे सिद्ध करतानाही हीच गोष्ट हाताशी लागते.

बारावीपर्यंत तिला उत्तर विचारलं जायचं, आता कारण विचारतात. कारण कसं लिहायचं हे बहुतेक मुलांना कुणी वेगळं शिकवलेलंच नसतं. म्हणून ती गणितात कच्ची आहे हे मला मान्य नाही.

दहा उदाहरणं जुळली तरी मार्क का देत नाहीत, असं ती विचारेल. तिला क्ष² + क्ष + ४१ मध्ये ० पासून एकेक संख्या घालायला सांगा. ३९ पर्यंत दरवेळी मूळ संख्याच येते. ४० घातले की १६८१, म्हणजे ४१ × ४१! ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानं १७८२ मध्ये लॅटिन चौकोनांबद्दल (ज्यांच्या प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येतं) एक अंदाज मांडला होता. तो १९५९ मध्ये बोस, पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी खोटा ठरवला. श्रीखंडे आपल्याच मध्य प्रदेशातले, जन्म सागरचा. हे तिला आवर्जून सांगा.

आता सराव. व्याख्या शब्दन् शब्द पाठ हवी, ‘साधारण असं’ चालत नाही. फलनाच्या सातत्याच्या व्याख्येत एप्सिलॉन (उत्तरात किती फरक चालेल) आधी दिलेला असतो आणि त्याला पुरेल असा डेल्टा (क्ष किती हलवता येईल) आपण शोधायचा असतो. क्रम फिरवला की अर्थच बदलतो. कच्च्या कागदावर शेवटाकडून उलटं शोधायला हरकत नाही, मात्र पक्क्या कागदावर दिलेल्या गोष्टीपासून सुरुवात करायची. आणि पूर्ण वाक्यं लिहायची, नुसत्या बाणांची रांग नको.

तुमचं काम एवढंच: रात्री ओटा आवरून झाला की तिला एक सिद्धता मोठ्यानं वाचायला सांगा आणि ओळीओळीला विचारा, “हे कशावरून?” गणित येत नसलं तरी हा प्रश्न तुम्हाला विचारता येतो. तिला सांगता आलं नाही, तर ती ओळ पुन्हा लिहायची.

बीसीए वाईट नाही. कॉम्प्युटरची खरी ओढ असेल तर खुशाल जाऊ दे, पण या एका पेपरच्या धास्तीनं नको. पुढे एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा आहे. तीत पर्याय निवडायचे किंवा संख्या भरायची असते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.मॅथ. प्रवेश परीक्षेत मात्र सिद्धता लिहून द्याव्या लागतात. १९९३ पासून चालू असलेली एमटीटीएस ही गणिताची उन्हाळी शिबिरं नेमकी अशा मुलांसाठी आहेत, तिथे पाठांतरापेक्षा विचार करायला लावतात. तिला अर्ज करू द्या.

एक सेमिस्टर थांबा. महिन्याभरानं तिच्या वहीचं आणखी एक पान पाठवा, खाडाखोडीसकट.