प्रतिस्पर्धी संघांतले व्यावसायिक हॉकीपटू खरोखर एकमेकांचे मित्र असतात का?

हो, असतात, आणि एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, अशी मैत्री अगदी नेहमीची आहे. कारण ओळख संघाच्या आधीची असते. ज्युनियर हॉकीत किंवा राष्ट्रीय संघात एकत्र खेळलेली मुलं पुढे 32 संघांत विखुरतात. शिवाय ट्रेडमुळे, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीमुळे, आजचा प्रतिस्पर्धी उद्या त्याच ड्रेसिंग रूममध्ये येऊ शकतो. सिडनी क्रॉसबी (पिट्सबर्ग पेंग्विन्स) आणि नेथन मॅकिनन (कोलोरॅडो अॅव्हलांच) यांचंच घ्या. दोघंही कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या कोल हार्बरचे. वयात 8 वर्षांचं अंतर, तरी उन्हाळ्यात सराव बरोबर करतात, आणि 2015 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी कॅनडाकडून एकत्र जिंकली. माझ्या मते या लीगमधली ही सगळ्यात सुंदर दोस्ती.

मात्र हे दोन संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या दोन वेगळ्या गटांत, असल्यामुळे त्यांची गाठ क्वचितच पडते. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, 7 सामन्यांपर्यंत चालणाऱ्या मालिकेत समोर मित्र असला, तरी धडक तितकीच जोरात बसते. मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून हस्तांदोलन करतात. कोण कोणाचा मित्र आहे, ते तिथे लगेच कळतं.