पंक गिटार वाजवायचीय? आधी गेन कमी कर

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे गेनचा, म्हणजे आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शनचा, नॉब शेवटपर्यंत पिळणं. १९७७ च्या लंडन-मँचेस्टरच्या पंक रेकॉर्ड नीट ऐक: आवाज कर्कश, पण प्रत्येक फटका सुटा. गेन निम्म्याच्या खाली ठेव, ब्रिज पिकअप (ब्रिजजवळचा, मागचा) लाव.

आता पॉवर कॉर्ड, म्हणजे दोनच स्वरांची कॉर्ड. पहिलं बोट सहाव्या (सगळ्यात जाड) तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरं पाचव्या तारेच्या सातव्यावर. उरलेल्या तारांना पहिलं बोट नुसतं टेकव, नाहीतर त्या मधेच गुणगुणतात. पिक फक्त खाली मार. मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर, ठोक्याला दोन फटके. हात लगेच भरून आला, तर मनगटाऐवजी कोपरातून मारणं चाललंय असं समज. १६० ची घाई नको.

'सोलो येत नाही' ही सबब चालणार नाही. बझकॉक्स या पंक बँडच्या 'बोरडम' गाण्यातला सोलो दोनच स्वरांचा आहे! हे गाणं असलेली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये उसन्या ५०० पौंडांत, स्वतःच्या लेबलवर काढली. आधी प्रती फक्त १०००. पुढच्या इंडी (मोठ्या कंपन्यांविना रेकॉर्ड काढणाऱ्या) बँडांनी हाच कित्ता गिरवला.

द स्मिथ्सचा गिटारवादक जॉनी मार याच्यासारखी झुळझुळ हवी असेल, तर डिस्टॉर्शन बंद, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी क्लिप), आणि कॉर्ड अख्खी न झोडता एकेक तार छेड.